मिळालं

नोव्हेंबरात पार्नूच्या दुकानदारणीचा फोन आला:
तीनदा लिहिलं, राखाडी लोकर, चाळीस लडी,
उत्तर का देत नाही तुम्ही?
टीड्रिक म्हणाला, आलंच नाही काही.
मग दोघंही माझ्याकडे वळले,
एक फोनमधून, एक दारातून.

कुरेसारेच्या लोकर गिरणीचा सर्व्हर
रंगाच्या पिंपांमागच्या खोलीत असतो.
तिथे जुलैतही ओल्या मेंढीचा वास येतो.
बसलो. लॉग उघडला.
आधी नेहमीचे संशयित:
आयपी काळ्या यादीत? नाही.
सही? बरोबर.
घड्याळ? दोन सेकंद मागे, तेवढं चालतं.
बाई खरी, पत्ता खरा, लोकरही खरी,
तरी चाळणीने तिला आठ पूर्णांक दोन गुण दिलेले.
पाचाच्या वर गेलं की स्पॅम.

ही चाळणी शिकते. तेच तिचं दुखणं.
कुणी एखादं पत्र कचऱ्यात ओढलं
की त्यातले शब्द ती वेचून ठेवते,
गव्हातले खडे वेचावेत तसे,
आणि पुढच्या वेळी खड्यासारखं काही दिसलं
की अख्खं सूपच उलटं करते.

तिची शब्दांची वही काढली.
वाटलं होतं लॉटरी असेल, गोळ्या असतील,
कुठल्या तरी राजपुत्राची अडकलेली इस्टेट.
होतं ते असं:
सफरचंदं.
किल्ली.
आईचा.
हिवाळ्याआधी.
आणि सगळ्यांत वर, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा स्पॅम:
माफ.

पार्नूच्या बाईने लिहिलं होतं,
उशीर झाला, माफ करा,
आईचा स्वेटर हिवाळ्याआधी विणायचाय.

इतकं हिला शिकवलं कुणी?
माग काढत गेलो. सगळ्या खुणा एकाच टेबलाशी थांबल्या.
हेल्यु, हिशेबनीस, एकतीस वर्षं नोकरी.
सहा वर्षांत एक्केचाळीस पत्रं, सगळी हीउमा बेटावरून,
एकाच माणसाची, आडनाव तिच्या माहेरचं.
मी एकही उघडलं नाही.
विषय मात्र दिसतातच, डोळे मिटून हे काम होत नाही.
एकाचा विषय नुसता 'झाड पडलं' असा होता.

तिला सांगितलं. म्हटलं, तुमचं तुमच्यापाशी,
पण सुक्याबरोबर ओलंही जळतंय.
ती बेरजेचा आकडा बोटाखाली धरून बसली.
मग म्हणाली,
कुठे जातात ती, हे त्याला कळतं का?

नाही, म्हटलं.
आपला सर्व्हर आधी पत्र घेतो. म्हणतो, दोनशे पन्नास.
म्हणजे ठीक. मिळालं.
आणि मग नेऊन पुरतो.

म्हणजे एंडेलला मी दर वेळी
मिळालं म्हणत आलेय?

तुम्ही नाही, यंत्र, असं म्हणणार होतो.
तोंडून निघालं: एक्केचाळीस वेळा.

त्या संध्याकाळी वही पुसून टाकली.
चाळणी कोरी झाली, भाबडी,
दोन दिवस टीड्रिकला राजपुत्र रोज लिहीत होते
आणि तो माझ्या नावाने ओरडत होता.
चाळीस लडी बोटीने पार्नूला गेल्या.
ती पत्रं मी एका फोल्डरात ठेवली.
नाव सुचेना, तर तारीख घातली.

गुरुवारी, जाणाऱ्या टपालात एक नोंद.
हेल्युकडून, हीउमाला, सहाशे बारा बाइट.
मथळे वजा केले तर फार तर दोन ओळी.
पलीकडच्या सर्व्हरने ते घेतलं नाही.
नाकारलंही नाही.
अनोळखी पत्त्याला काही सर्व्हर आधी असंच म्हणतात:
चारशे एक्कावन्न. थोड्या वेळाने या.

चहा निवला. रांग बघत बसलो.
पंधरा मिनिटांनी आपला सर्व्हर पुन्हा गेला.
चारशे एक्कावन्न.

नियमाने रांग पाच दिवस प्रयत्न करते.
मी ते तीस केले
आणि दिवा मालवून घरी गेलो.